आत्याच्या पायाचा नवस

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. तसा मॅट्रिकपर्यंत पोचलेलाही मीच पहिला, पण ते सांगायला जरा संकोच वाटतो. आमची माणसं उन्हाळ्यात मिठागरावर राबायची आणि पावसाळ्यात खाडीकाठच्या जमिनीत भात लावायची. गाव खाडीच्या अलीकडे. होडीनं पलीकडे उतरलं की ठाणं. ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली आहे. मी मुंबईच्या एका कॉलेजात सायन्सला नाव घातलं होतं.

सायन्स म्हणजे काय, असं वडिलांनी विचारलं तेव्हा मी घाईनं म्हणालो, "बेडूक कापतात." एवढंच. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बातमी गेली की पोरगा कापाकापी शिकतोय, आणि आठवडाभरात गावानं मला डाक्टर करून टाकलं. मी कुणालाच काही बोललो नव्हतो. नाही म्हणायचा धीर झाला नाही, हेही खरं.

प्रत्यक्षात बेडूक मी कधी कापलाच नाही. पहिल्या दिवशी टेबलाची कड घट्ट धरून उभा राहिलो, दुसऱ्या दिवशी बाहेर जाऊन बसलो, आणि तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या मुलाशी तडजोड केली: बेडूक तू काप, आकृती मी काढतो. माझ्या आकृत्या फार सुंदर यायच्या. बेडकाच्या पोटातलं सगळं मी पेन्सिलीनं शिकलो. परीक्षेत मात्र शेजारी नसतो, त्यामुळे इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मी नापास झालो आणि पुन्हा बसायची तयारी करत घरी राहिलो.

घराला लागून आमचा गोठा होता आणि गोठ्याच्या पडवीत माझी आत्या राहायची. वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. घरात ये म्हटलं तर यायची नाही. बैलांजवळ झोप लागते म्हणायची. दोन बैल, एक खाट, एक चूल, एवढाच तिचा संसार. मला शाळेत घालायचा हट्ट तिचाच होता. वडील मला मिठागरावर न्यायला निघाले तेव्हा ती म्हणे दारात आडवी बसली होती.

तर गणपती होऊन गेले होते, नवरात्र यायचं होतं, आणि आमच्या घरात एक वास येऊ लागला.

वडील म्हणाले, उंदीर मेला असेल. आईनं सगळी मडकी उतरवली. मी पुस्तक मिटून बाहेर आलो आणि म्हणालो, "हे असं शोधून चालणार नाही, पद्धतशीर शोधलं पाहिजे." मी घराचे चार भाग पाडले. प्रत्येक भागात उभं राहून वास घेतला. उंदीर शोधायला छपरावर चढलेले वडील कौलांवरून बघत होते.

"कालिजात नाकाचा पन अभ्यास हाय का रं?" त्यांनी विचारलं.

अखेर मी निकाल दिला की वास गोठ्याच्या बाजूनं येतो आणि उंदीर नसून घूस आहे, कारण उंदराचा एवढा वास येणं शक्य नाही. मग पहार घेऊन गोठ्याची जमीन खणू लागलो. आत्या खाटेवर बसून, पायावर गोधडी घेऊन, माझी मेहनत बघत होती. "नको खनू रं पोरा," ती दोनदा म्हणाली. "बैलांचा पाय अडकंल." मी तिला समजावलं की वासाचं मूळ शोधल्याशिवाय आरोग्य राहत नाही. मला आठवतं, मी 'आरोग्य' हाच शब्द वापरला होता.

खणता खणता खाटेपाशी आलो. जमिनीवर तांदळाचे दाणे सांडलेले दिसले. आत्या तांदूळ सांडणारी बाई नव्हती. मी वाकलो. तेवढ्यात एक दाणा चालू लागला. मग दुसरा.

इथं मला काय म्हणायला हवं होतं? "आत्या, तुला काय झालं?" असं कुणीही म्हणालं असतं. मी ओरडलो, "लार्व्हा!"

माशीच्या जीवनक्रमाची आकृती हा माझा हातखंडा होता. अंडं, अळी, कोष, माशी. चार अवस्था, चार बाण. त्यातली दुसरी अवस्था आत्याच्या गोधडीखालून पडत होती.

आई धावत आली. तिनं गोधडी काढली. आत्याच्या उजव्या पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं होतं, आणि फडक्यातून हिरवा पाला बाहेर आला होता.

"किरे पडलेत," आत्या म्हणाली. आमच्या बोलीत किड्यांना किरे म्हणतात. सगळं बोलणं तसंच लिहिलं तर वाचणाऱ्याला अडचण होईल, म्हणून थोडं सोपं करून लिहितो. "पन मी औशद केलाय. आता पडून चाललेत सगले."

औषध म्हणजे सीताफळाचा पाला. बैलाच्या खांद्याला जखम होऊन तीत किडे झाले की आमच्याकडे सीताफळाचा पाला वाटून आत भरायचे, वरून चिंधी बांधायची, आणि किडे गळून पडले की बैल बरा झाला असं समजायचं. आत्यानं ते असंख्य वेळा केलं होतं. बैल बरे झाले होते. तिनं स्वतःलाही तोच इलाज केला.

"सांगितलं का नाय?" वडील ओरडले.

आत्या कुंपणापलीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "ती बोललेली."

ती म्हणजे शेजारची काकी. पावसाळ्यात आमच्या बैलांनी तिची भाजी खाल्ली होती, त्यावरून दोघींचं जोरात भांडण झालं होतं, आणि भांडणात काकीनं "तुझ्या अंगात किडे पडतील" असा शाप दिला होता. आमच्याकडे ही शिवी रोज कुणी ना कुणी कुणाला तरी द्यायचं. कुणी मनावर घ्यायचं नाही. पण आत्याच्या पायात खरोखर किडे पडले तेव्हा तिला वाटलं, हे बाहेर कळलं तर गाव म्हणेल की हिचं पापच असणार. म्हणून तिनं पाय गोधडीखाली घातला, आणि सगळं घर वासानं भरलं तरी मला घूस शोधू दिली.

त्या दिवशी आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस आम्ही सगळे किडे पडायची वाट बघत बसलो. जितके पडतील तितका आनंद. संध्याकाळी वडील विचारायचे, "पडले का?" आणि आई म्हणायची, "पडले, खूप पडले." मीही त्यात सामील होतो. मी तर शास्त्रीय आधारच दिला: शरीरात बाहेरचा जीव शिरला होता, तो बाहेर पडला, म्हणजे शरीर शुद्ध झालं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. जखमेकडे मात्र मी बघितलं नव्हतं. फडकं बदलायच्या वेळी मला नेमकी अभ्यासाची आठवण व्हायची.

किडे पडायचे थांबले. आत्या हसली. आणि त्याच रात्री तिला थंडी वाजून ताप भरला.

सकाळी आईनं सांगितलं, जांघेत अवधाण आलंय, गाठ सुजलीय, आणि पायावरून एक लाल रेघ वर चढतेय. ती रेघ मी पाहिली. पोटरीपर्यंत गेलेली. माझ्या एकाही आकृतीत तसली रेघ नव्हती.

"ठाण्याला न्यायला पाहिजे," मी म्हणालो.

आत्या तापातही खाटेवर उठून बसली. "मी नाय. तिथं पाय कापतात."

तिच्या नवऱ्याला तसंच झालं होतं, असं आई मला कुजबुजत म्हणाली. मिठागरावर पायाला जखम झाली, मुंबईला नेला, पाय कापला, आणि तो परत आलाच नाही. मला हे माहीत नव्हतं. आत्याविषयी मला किती कमी माहीत होतं, हे त्या आठवड्यात एकेक करून कळत गेलं.

वडिलांनी दटावलं, आईनं विनवलं. ती हलेना. मग मला काहीतरी सुचलं. ते हुशारीनं सुचलं की भीतीनं, सांगता येत नाही.

"आत्या," मी म्हणालो, "मला डाक्टर व्हायचंय ना? मग मला दवाखाना आतून बघायला नको? पण एकटा गेलो तर मला कोण आत घेईल? पेशंट सोबत पाहिजे."

तिनं उशाखालचं चांगलं लुगडं काढायला लावलं. "चल," म्हणाली. "तुना दवाखाना दाखवून आनते."

होडीत वडिलांनी तिला उचलून बसवलं. पलीकडे टांगा केला. टेंभी नाक्याच्या बाजूला टांगा वळला तेव्हा ती तापानं फणफणत होती, तरी मला म्हणाली, "बघ, नीट बघून घे सगला. मंग पुना यायला नको."

ठाण्यातल्या त्या दवाखान्यात डॉक्टर चष्मा लावलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आत्याला टेबलावर घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"डाक्टर हाय आमचा," आत्या म्हणाली.

"अस्सं! कुठल्या कॉलेजला आहात? कितव्या वर्षाला?"

"इंटर," मी म्हणालो, आणि खरं बोलायची सवय असल्यामुळे पुढे म्हणालो, "दुसऱ्यांदा."

"उत्तम. बॅटरी धरता येते ना? धरा."

मी बॅटरी धरली. त्यांनी फडकं कापलं. पाल्याचा लगदा चिमट्यानं बाजूला केला. त्याखाली मी जे पाहिलं ते लिहिणार नाही, कारण ते मी पूर्ण पाहिलंच नाही. बॅटरीचा उजेड हळूहळू टेबलावरून भिंतीवर, भिंतीवरून छतावर गेला, एवढं आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा मी बाकावर होतो आणि टेबलावर झोपलेली आत्या, पाय तसाच उघडा ठेवून, हात लांब करून पदरानं मला वारा घालत होती.

"त्याला काय खायाला दिला नाय सकाली," ती डॉक्टरांना सांगत होती. "नायतर असा नाय पडत तो."

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. ते आपलं काम करत राहिले आणि प्रश्न विचारत राहिले. मी बाकावर आडवा पडून ऐकत होतो.

"कशानं लागलं?"

"कालवं काढायला गेलेली खाडीत. शिंपला लागला."

"कधी?"

"झाले थोडे दिस."

"गणपतीच्या आधी की नंतर?"

"गोकुलअष्टमीच्या आधी."

वडील दचकले. "काय? तेवा तर तू शेतात उभी होतीस! गुडघाभर चिखलात!"

"मंग? दुकत नव्हता काय."

डॉक्टरांनी टाचणी घेतली, आत्याला डोळे मिटायला सांगितलं, आणि दोन्ही तळव्यांना ठिकठिकाणी टोचलं. "कुठं टोचतोय सांगा."

"टोचा की," आत्या म्हणाली. "मी कवाची थांबलीय."

टोचून झालं होतं. डॉक्टरांनी वडिलांकडे बघितलं. मग जरा खालच्या आवाजात विचारलं, "यांच्या लघवीला मुंग्या लागतात का?"

आत्यानं लाजून तोंड भिंतीकडे केलं. वडिलांना काही माहीत नव्हतं. पण मी बाकावरून उठून बसलो. आमच्या मागच्या दारी, ती जिथं बसायची तिथं, वर्षभर मुंग्यांची रांग असायची. मी स्वतः त्या रांगेवर राख टाकली होती, कितीतरी वेळा. आणि कॉलेजात मी स्वतःच नळीतल्या निळ्या पाण्यात ग्लुकोजची साखर घालून, तापवून, ते विटेसारखं लाल झालेलं बघितलं होतं, वहीत 'साखर आढळली' असं लिहिलं होतं. ती साखर नळीतली होती. आत्याच्या पायाशी तिचा काही संबंध असेल, असं माझ्या मनात आलंच नव्हतं.

"लागतात," मी म्हणालो.

"तरीच," डॉक्टर म्हणाले. मग वडिलांना समजावून सांगू लागले. "किड्यांचं काय घेऊन बसलात? किडे सडलेलं खातात. तिथं आधीच सडायला लागलं होतं म्हणून माश्या आल्या. पाल्यानं किडे गेले, पण जे दिसत नाहीत ते जंतू आतच राहिले. आणि त्यांना आयती सोय झाली. रक्तात साखर. पायाला दुखलेलं कळत नाही. दिवसभर चिखल, रात्रभर गोठा, वरून ओलं फडकं. असं इतके दिवस. बैलाला साखरेचा आजार नसतो हो. त्याचा पाय आणि यांचा पाय एक नाही." ते थांबले. "घरात कुणी हा पाय बघितलाच नाही का?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे.

"पायात काय घालतात?"

"काय नाय," आत्या म्हणाली.

"का? आता यापुढे घालावं लागेल."

"नाय घालायचा. नवस हाय."

"कसला नवस?"

आत्यानं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. "तो डाक्टर होईल तवर पायात वहान नाय. गावदेवीला बोललेय."

गावात बहुतेक बायका अनवाणीच असायच्या, त्यामुळे कुणाला कधी शंका आली नव्हती. वडिलांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. मी मनात हिशेब केला. इंटर पास व्हायचं, मग मेडिकलला जागा मिळायची, मग पुढची वर्षं. आणि मी बॅटरी धरून खाली पडलो होतो.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "हे बघा बाई. जंतूंना आत शिरायला जी जी वाट असते ती बंद केली पाहिजे. साखरेचं मी बघतो. पण अनवाणी फिरलात आणि पुन्हा असं झालं, तर पुढच्या वेळी पाय घोट्याच्या वरून जाईल. मग माझा इलाज नाही."

"मंग त्याला सांगा लवकर डाक्टर व्हायाला," आत्या म्हणाली.

दोन बोटं काढावी लागली. बाकीचा पाय राहिला. पेनिसिलिनची सुई दिवसातून कितीदा तरी द्यायचे. लाल रेघ हळूहळू खाली उतरली, ताप गेला. मी व्हरांड्यात झोपायचो. आत्या शेजारच्या खाटांवरच्या बायांना माझी ओळख करून द्यायची, आणि त्या मला आपापली गळवं दाखवायच्या. मी गंभीरपणे मान हलवून, भिंतीकडे बघत, "डॉक्टरांना दाखवा," असं सांगायचो. माझ्या सल्ल्यावर कुणाचं वाईट झालं नाही, एवढं खरं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, साखरेसाठी रोज इन्शुलिन टोचावं लागेल, कुणीतरी शिकून घ्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लिंबावर शिकलो. लिंबाला रक्त येत नाही, म्हणून माझी प्रगती झपाट्यानं झाली. आईनं त्यातली दोन लिंबं नकळत आमटीत पिळली. त्यांत साधं पाणीच होतं, पण वडील रात्रभर पोटावर हात ठेवून बसले होते. आत्याच्या दंडाला टोचायची वेळ आली तेव्हा मी सुई आत जाईपर्यंत बघायचो आणि मग डोळे मिटायचो. तिला वाटायचं मी देवाचं नाव घेतोय. मी ते नाकारलं नाही. औषधाची बाटली फडक्यात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचो. जखम धुऊन बांधायचं काम मात्र आई करायची. मी बाहेरून विचारायचो, "बरी दिसते का?"

जखम भरत आली. थोडीशीच उघडी राहिली होती. आत्या भिंत धरून उभी राहू लागली, आणि एक दिवस अनवाणी गोठ्यात गेली. वडिलांनी ठाण्याहून मऊ चामड्याच्या, जखमेचा पाय मावेल अशा सैल चपला करून आणल्या होत्या. त्या खाटेखाली तशाच.

"देवीला फसवू?" ती म्हणायची. "पोराचा नुकसान होईल."

मी म्हणालो, "आत्या, मी डाक्टर होईन असं मला वाटत नाही." हे बोलायला मला फार कष्ट पडले. इतकी वर्षं गावात कुणालाही मी हे सांगितलं नव्हतं.

"होशील," ती म्हणाली आणि बैलाला पेंढा घालायला वळली. उजव्या पायाजवळच बाभळीची फांदी पडली होती. तिला काटा टोचला असता तरी कळलं नसतं. मी धावत जाऊन फांदी उचलली. त्यानंतर रोज पहाटे उठून मी गोठा झाडू लागलो. तिच्या पायाखाली काही येऊ नये म्हणून. पुस्तक तसंच पडून राहायचं. असं किती दिवस चालणार होतं? ती शेतात जाणारच होती, खाडीतही जाणार होती. तिथली जमीन मी झाडू शकणार नव्हतो.

आणि मग कुंपणापलीकडची काकी आली.

ती इतके दिवस आली नव्हती. आपल्याच शापानं हे झालं, या धास्तीनं तिला झोप लागत नव्हती, असं तिची सून आईला सांगून गेली होती. ती पडवीच्या दारात उभी राहिली आणि आत्याला काही न विचारता एकदम बोलायला लागली.

"तुज्या त्या नवसाचा काय ता मिटव. पोरगा रोज सुई टोचतो ना तुना? आमच्या गावात आजपावतर कुनी सुई टोचलीय? मंग डाक्टर नाय तर काय न्हावी हाय तो?"

"डाक्टर असा नसतो," आत्या म्हणाली. "हा रगत बघून पडतो. दवाखान्यात पडला. मी वारा घातलाय त्याला."

"पडला?" काकीनं माझ्याकडे बघितलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. "मंग आता नाय पडनार. काय रं? देवीसमोर हिचा पाय धू. नाय पडलास तर नवस फिटला. पडलास तर ही अनवानी मरूदे."

"चालेल," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात थोडी थट्टा होती, थोडी उत्सुकताही. मला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावदेवीच्या पायरीवर आत्याला बसवलं. बातमी कशी पसरली ठाऊक नाही, पण पाच-पंचवीस माणसं जमली. पुजाऱ्यानं नारळ तयार ठेवला होता. मी उकळून गार केलेलं पाणी, कापूस, औषध, स्वच्छ पट्टी मांडली. हात साबणानं धुतले. ते जरा जास्तच वेळ धुतले. मागून कुणीतरी म्हणालं, "हात झिजंल रं डाक्टर."

मी पट्टी सोडली.

इतके दिवस मी त्या पायासाठी सुई टोचली, गोठा झाडला, खाडी ओलांडली, आणि तो पहिल्यांदा त्या दिवशी नीट बघितला. दोन बोटं नसलेला, करंगळीच्या बाजूनं आत दबलेला पाय. भेगा मिठानं पांढऱ्या पडून तशाच राहिलेल्या, वर्षानुवर्षांच्या. मधोमध पैशाएवढी ओली लाल जागा, तिच्या कडेला नवी गुलाबी कातडी येत होती. तिथं बघताना माझ्या कानात गुणगुणायला लागलं. पायरी किंचित कलली. तेवढ्यात माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या काकीनं माझी सदऱ्याची कॉलर मुठीत घट्ट धरली आणि कानाशी दात खाऊन म्हणाली, "पडलास तर बघ."

मी पडलो नाही. पडायला जागाच नव्हती. मी पाणी घातलं, कापसानं पुसलं, बोटांच्या मधली ओल टिपली, टाचेवरून हात फिरवून कुठं नवं काही लागलंय का ते बघितलं. टाचेजवळ काहीतरी टोचत होतं. बारीक काटा होता, तिला पत्ताही नसलेला. मी तो चिमट्यानं काढून हातावर ठेवला आणि तिला दाखवला.

"हा कवा गेला?" आत्या म्हणाली.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी झाडतो रोज, तरी गेला."

ती माझ्या हातावरच्या काट्याकडे बघत राहिली. मग मी औषध लावलं आणि पट्टी बांधली. पट्टी वाकडी झाली, पण सुटली नाही.

"नाय पडला!" काकी ओरडली. "नाय पडला! फोडा नारल!"

तिनं कॉलर सोडली आणि मी खाली बसलो. पण तोपर्यंत नारळ फुटला होता, त्यामुळे ते धरलं गेलं नाही. आत्यानं देवीला हात जोडले, तोंडातल्या तोंडात बराच वेळ काहीतरी बोलली. मग वडिलांकडे हात पुढे केला. "दे ती वहान."

पुढच्या परीक्षेत मी इंटर पास झालो, आणि मेडिकलवाले ज्या यादीकडे बघतही नाहीत त्या यादीत माझं नाव होतं. आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुजा काय ते तू बघ, माजा नवस फिटला." गाव मला शेवटपर्यंत डाक्टरच म्हणत राहिलं. मी पुढे एका शाळेत शास्त्र शिकवलं. मुलांना बेडूक कापून दाखवताना मोकळ्या हातानं कॉलर सारखी करायची सवय मला तेव्हापासून लागली. रोज संध्याकाळी कंदील जवळ घेऊन मी आत्याचा पाय बघायचो. दोन्ही तळवे, बोटांच्या मधल्या जागा, टाचा. ती तेवढ्या वेळात मला गावातल्या बातम्या सांगायची.

त्या पहिल्या दिवशी मात्र देवळातून परत येताना तिला चपला घालून चालायला जमत नव्हतं. पाय उचलून उचलून, पाण्यातून जावं तशी ती गोठ्यात शिरली. फटक फटक आवाज झाला. दोन्ही बैल दावं ताणून उभे राहिले आणि तिला ओळखेनात.

"मीच हाय रं," आत्या त्यांना म्हणाली.